पडण्यापुरता धक्का

शस्त्रांशीं आमच्या घराण्याचा संबंध दसऱ्यापुरता. त्या दिवशीं पाटावर विळी, अडकित्ता, कात्री आणि तीर्थरूपांच्या वेळची एक बोथट सुरी मांडून त्यांना झेंडूचें फूल वाहिलें कीं आमचा क्षात्रधर्म वर्षापुरता संपला. अशा घरांतील, त्यांतून पदार्थविज्ञान शिकविण्यांत सारी हयात घालविलेल्या माणसानें पिस्तूल कोणतें घ्यावें व त्याची गोळी केवढी असावी यावर चार पानें लिहावीं, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु विषय वाटतो तितका परका नाहीं. उभी वस्तु आडवी करावयास किती धक्का लागतो, हा आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांतला प्रश्न आहे. आणि मोजक्या पैशांत काय घ्यावें व काय सोडावें, हा तर प्रत्येक मध्यमवर्गीय घरांतला. हे दोन्ही प्रश्न गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत आमच्यापुढें हात धरून उभे राहिले.

आमचा पुतण्या तेथें अभियंता आहे. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यापासून त्याला एक नवा नाद लागला आहे. एक शनिवार आड गांवाबाहेरच्या चांदमारीवर जावयाचें आणि पोलादी तबकड्या पाडावयाच्या. मित्राचें पिस्तूल मागून माणूस किती दिवस खेळणार? स्वतःचें घ्यावें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि ही वार्ता पुण्यास आमच्या थोरल्या बंधूंच्या कानीं गेली. आम्ही निघण्याच्या आदल्या रात्रीं वहिनींनीं गोड्या मसाल्याची बरणी आमच्या स्वाधीन केली, व दादांनीं एक कामगिरी. "तूं जातोच आहेस, तर त्याच्या डोक्यांतलें हें खूळ काढून ये," एवढेंच ते म्हणाले. दादा वकील आहेत, मोजकें बोलतात.

तेथें पोंचल्यावर पाहतों, तों खूळ एकट्या पुतण्याचें राहिलें नव्हतें. सूनबाईंनीं त्यावर एक वही उघडली होती. त्या हिशेबतपासनिसाचें काम करतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें होतें: "एकूण पांचशें डॉलर. त्यांत सर्व." या 'सर्व' शब्दाचा अर्थ पुढें कळला.

आधीं खेळ काय तो सांगितला पाहिजे. आपल्याकडे नेमबाजी म्हटली कीं डोळ्यांपुढें कागदी वर्तुळें येतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. त्याच जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें रायफलीच्या स्पर्धेंत कांस्यपदक आणलें. या स्पर्धांत प्रश्न एकच, गोळी मध्यापासून किती दूर लागली. ती किती जोरानें लागली हें कोणी विचारीत नाहीं, आणि म्हणूनच या दोन्ही स्पर्धांस .२२ इंचाचें इवलेसें काडतूस पुरतें. पोलादाच्या खेळांत मात्र लक्ष्य पडलें पाहिजे. गोळी लागली, टणत्कार झाला, शिशाचा चुरा उडाला आणि तबकडी उभीच राहिली, तर आपण मारलीच नाहीं असें समजावयाचें.

या खेळांतहि पोटजाति आहेत. मिसुरी संस्थानांतील कोलंबिया येथें १९७९ सालीं सुरू झालेल्या बियांकी चषकाच्या सामन्यांत आठ इंच व्यासाच्या सहा गोल तबकड्या एका ओळींत उभ्या करतात, आणि त्या १०, १५, २० व २५ यार्डांवरून पाडावयाच्या असतात. स्टील चॅलेंज म्हणून दुसरा एक प्रकार १९८१ पासून आहे. त्यांत तबकड्या पडत नाहींत, नुसत्या वाजतात. तेथें .२२ चें पिस्तूल घेऊन खुशाल जावें. तिसरा प्रकार मेक्सिकोंतून आलेला. त्यांत कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृति अनुक्रमें ५०, १००, १५० व २०० मीटरांवर ठेवतात. मेंढा इतका जड असतो कीं त्यास लोळविण्यास मॅग्नम जातीचें दांडगें काडतूस लागतें. ज्याला पिस्तूल घ्यावयाचें त्यानें आपण यांपैकीं काय पाडणार आहों हें प्रथम ठरवावें. मेंढ्याच्या हिशेबानें घेतलेलें पिस्तूल तबकडीच्या कामीं निव्वळ ओझें. पुतण्याच्या मंडळाचा खेळ पहिल्या जातीचा. सहा तबकड्या, शिवाय कमरेएवढ्या उंचीचीं, वर गोल डोक्याचीं पोलादी बाहुलीं. त्यांस तेथें 'पॉपर' म्हणतात.

पुतण्याच्या मित्रांचें मत ठाम होतें. पोलाद पाडावयाचें तर .४५ ची गोळी घ्यावी. हें काडतूस जॉन ब्राउनिंग या शस्त्रकारानें विसाव्या शतकाच्या आरंभीं काढलें, १९११ सालीं त्याचें पिस्तूल अमेरिकन सैन्यानें पत्करलें, आणि तेव्हांपासून त्या देशांतील वडीलधाऱ्या मंडळींची त्यावर जी भक्ति बसली आहे ती आपल्याकडील जुन्या गवयांच्या घराणेभक्तीसारखीच, युक्तिवादास दाद न देणारी. तिच्यासमोर ९ मिलिमीटरची गोळी उभी. ती जर्मनींत गेओर्ग लुगर यानें त्याच सुमारास तयार केली, आणि आज जगांत पिस्तुलाची सर्वांत प्रचलित गोळी तीच. मित्र तिला 'पोरांची गोळी' म्हणत. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही पदार्थविज्ञानवाले. काय तें कागदावर मांडून सांगा."

येथें आम्हांस राहवलें नाहीं. दादांची कामगिरी क्षणभर बाजूस ठेवून आम्हीं पेन्सिल घेतली.

९ मिलिमीटरची साधी गोळी ११५ ग्रेन, म्हणजे साडेसात ग्रॅम वजनाची असते आणि नळींतून सेकंदास सुमारें ३५० मीटर वेगानें निघते. .४५ ची गोळी २३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ पंधरा ग्रॅम. तिचा वेग सुमारें २५० मीटर. आतां या दोघींची ऊर्जा काढली तर दोन्ही आंकडे साडेचारशें ते पावणेपांचशें ज्यूलांच्या दरम्यान येतात. म्हणजे फरक जवळजवळ नाहींच. पुतण्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलें, वाद मिटला. परंतु पोलाद पाडण्याचें काम ऊर्जेच्या खात्यावर होत नाहीं, तें संवेगाच्या खात्यावर होतें. वजन गुणिलें वेग केलें तर ९ मिलिमीटरचा संवेग २.६ येतो आणि .४५ चा ३.७. मित्रमंडळी अडाणी नव्हती. चाळीस टक्के जास्त धक्का त्यांच्या हातास व डोळ्यास कळला होता, कारण तेवढें त्यांस सांगतां येत नव्हतें.

कारण असें. शिशाची गोळी कठीण पोलादावर आपटली कीं ती आंतहि शिरत नाहीं व मागेंहि फिरत नाहीं. तिचा चुरा होऊन तो तबकडीच्या अंगाबरोबर चारी बाजूंस फांकतो. तिची बहुतेक सारी ऊर्जा या फुटण्यांत, उष्णतेंत आणि त्या टणत्कारांत खर्ची पडते. परंतु संवेग कोठें पळून जात नाहीं; तो सारा तबकडीच्या पदरांत पडतो. आठ इंची, तीन अष्टमांश इंच जाडीची तबकडी अडीच किलोच्या आंतबाहेर भरते. ती बुडाशीं बिजागरीवर उभी असून गोळी मध्यावर बसली, तर त्या साडेचारशें ज्यूलांपैकीं तबकडीच्या फिरण्यांत उतरतो जेमतेम एक ज्यूल. बाकीचे सारे आवाजाचे व धुराळ्याचे धनी. संसारांतील पुष्कळशा खर्चाचेंहि असेंच असतें, पण तें असो.

हा भेद जगास प्रथम नीट दाखविला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें. १७४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तोफविद्येवरील ग्रंथांत, टांगलेल्या जड ठोकळ्यावर गोळी झाडून ठोकळा किती झोका घेतो यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ति आहे. आमचे विद्यार्थी या लंबकाचें उदाहरण दर वर्षीं सोडवितात. पुढें याच रॉबिन्सला ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या किल्ल्यांची डागडुजी करण्यास हिंदुस्थानांत आणलें, आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें तो वारला. ज्याच्या सूत्रावर ओहायोंतल्या एका स्वयंपाकघरांत पिस्तुलाची निवड चालली होती, त्याचा शेवट आपल्याच किनाऱ्यावर झाला, ही गोष्ट आम्हीं पुतण्यास सांगितली. त्याला त्या वेळीं इतिहासापेक्षां .४५ मध्यें अधिक रस होता.

येथवर .४५ चा पक्ष वरचढ दिसतो. परंतु हिशेब येथें थांबविणें म्हणजे अर्धें उदाहरण सोडवून उत्तर लिहिणें होय. बिजागरीवर उभी असलेली वस्तु ढकलली कीं ती तरफ होते. दार बिजागरीजवळ ढकलून पाहावें आणि मग कडीजवळ ढकलून पाहावें, तसेंच हें. तबकडी वीस सेंटिमीटर उंच आहे. .४५ ची गोळी बुडापासून पांच सेंटिमीटरांवर लागली तर तिचें फिरविण्याचें बळ ३.७ गुणिलें ५, म्हणजे साडेअठरा. ९ मिलिमीटरची 'पोरांची गोळी' पंधरा सेंटिमीटरांवर लागली तर २.६ गुणिलें १५, म्हणजे एकोणचाळीस, दुपटीहूनहि अधिक. किंबहुना ९ मिलिमीटरची वरच्या अंगास बसलेली गोळी ही .४५ च्या बरोबर मध्यावर बसलेल्या गोळीच्या तोडीची ठरते. गोळीच्या वजनानें जें मिळावयाचें तें दोन इंच वर नेम धरून फुकट मिळतें. रॅकवरच्या तबकडीला तर एवढेंहि नको असतें. ती तोल सांभाळून उभी असते, मध्यावरच्या ९ मिलिमीटरला ती निमूट पडते.

हें नुसतें कागदावरचें नव्हे. चांदमारीवर एका शनिवारीं आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें. एका वयस्क गृहस्थांची .४५ ची गोळी पॉपरच्या अगदीं खालच्या अंगास लागली. बाहुलें डुललें आणि पुन्हां उभें राहिलें. गृहस्थांनीं हरकत घेतली. या खेळांत तशी सोय आहे. मग पंच पुढें येतात आणि ठराविक कमी जोराचीं ९ मिलिमीटरचीं काडतुसें घेऊन, जेथून गोळी झाडली होती तेथूनच त्या पॉपरवर एक गोळी मारतात. बाहुलें पडलें नाहीं तर तें नीट लावलेलें नव्हतें असें ठरून खेळाडूस पुन्हां खेळावयास मिळतें; पडलें तर त्याची गोळी फुकट गेली. पंचांनीं गोल डोक्यावर एक गोळी ठेविली आणि बाहुलें उताणें झालें. ते गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आपली .४५ खाली केली, दाखविली आणि कमरेस लावली. त्यांच्या त्या शांतपणाचें आम्हांस कौतुक वाटलें.

पॉपर अशा रीतीनें ९ मिलिमीटरच्या मापानेंच लावतात, ही गोष्ट पिस्तूल घेणाऱ्यानें ध्यानांत धरावी. तेथील मुख्य संघाच्या नियमांतहि गोळीचें ग्रेनांतलें वजन व सेकंदास फुटांतला वेग यांचा गुणाकार करून त्यास हजारानें भागतात आणि तो आंकडा १२५ हून कमी असूं नये असें सांगतात. ११५ ग्रेन आणि ११५० फूट घेतले तर उत्तर १३२ येतें. म्हणजे दुकानांतलें साधें ९ मिलिमीटरचें काडतूस परीक्षेंत उत्तीर्ण. याहून थोडा जास्त धक्का हवा असेल तर त्याच पिस्तुलांत १४७ ग्रेनांची जड गोळी घालतां येते. ती हळू जाते, पण ढकलते किंचित् अधिक. .२२ मात्र येथें नापास. तिचा संवेग एकाच्याहि आंत. ती लागते, वाजते, आणि पॉपर तिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं.

उलट बाजूहि आहे. न्यूटनच्या नियमाप्रमाणें गोळी जेवढा धक्का पुढें नेते तेवढाच ती पाठीमागें हातास देऊन जाते. बाहेर पडणाऱ्या वायूचा त्यांत आणखी थोडा भरच पडतो. तबकडी एकच असती तर गोष्ट वेगळी. येथें सहा आहेत आणि घड्याळ चालू आहे. धक्क्यानें वर उडालेली नळी पुन्हां नेमावर येईपर्यंत जो वेळ जातो तो सहा वेळां जातो. तबकडीस नको असलेला जास्तीचा धक्का आपल्याच मनगटानें सोसावयाचा, यांत शहाणपण तें काय?

आम्हीं पेन्सिल ठेवली, तशी सूनबाईंनीं आपली वही पुढें सरकविली. त्यांचा हिशेब आमच्याहून लहान, पण फार कठोर होता. पुतण्या महिन्यांतून दोनदां जाणार, दर खेपेस दीडशें गोळ्या; वर्षास ३६००. आम्ही तेथें असतांना दुकानांत ९ मिलिमीटरचें साधें काडतूस सुमारें पंचवीस सेंटांस पडत होतें, .४५ चें पंचेचाळीस सेंटांच्या आसपास. म्हणजे एकीचे वर्षाचे नऊशें डॉलर, दुसरीचे सोळाशें वीस. "फरक सातशें वीस," त्या म्हणाल्या. "यांत दर वर्षीं एक नवें पिस्तूल येतें, काका." पिस्तूल एकदांच विकत घ्यावें लागतें, काडतूस रोज, बैल घेतांना जो वैरणीचा विचार करतो तोच खरा शेतकरी. २०२० व २०२१ या सालांत तेथें काडतुसांचा दुष्काळ पडून भाव दुपटी-तिपटीवर गेले होते. त्या आठवणीचीहि एक ओळ वहींत होती.

गोळी ठरली. राहिलें पिस्तूल. पांचशें डॉलरांत 'सर्व' म्हणजे काय तें आतां बाहेर पडलें. त्यांत पोलादी पेटी आणि तिचें कुलूप, कानांवरचीं झांकणें, डोळ्यांचे चष्मे, कमरेचें म्यान आणि जादा मॅगझिन हें सारें धरलेलें होतें. हें वजा जातां पिस्तुलास उरत होते सव्वातीनशें. त्या पैशांत नवीन ब्राझीलचें टॉरस येतें. तुर्कस्थानचें कॅनिक बरें, पण चारशेंच्या पुढें. फिलिपाइन्समध्यें होणारी ब्राउनिंगच्या जुन्या पिस्तुलाची नक्कल पुतण्याला मनापासून आवडली होती, ती पांचशेंच्या घरांत. .३८ चें रिव्हॉल्व्हर दिसावयास देखणें आणि बिघडावयास कठीण, परंतु बहुतेकांत गोळ्या सहा आणि तबकड्याहि सहा. एक चुकली कीं पंचाईत.

या शोधांत एक मौजेचा इतिहास आमच्या हातीं लागला. अनेक दुकानांत पोलिसांनीं परत केलेलीं जुनीं पिस्तुलें स्वस्तांत मिळतात, आणि त्यांत .४० बोअरचीं फार. याचें मूळ एप्रिल १९८६ मधील मायामीच्या एका चकमकींत आहे. तींत अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्याचे दोन अंमलदार मारले गेले. दोष ९ मिलिमीटरच्या गोळीवर आला. मग जास्त जोराची १० मिलिमीटरची गोळी आली. ती हातास झेपेना म्हणून तिची काटछांट करून १९९० सालीं.४० निघाली, आणि देशभरच्या पोलिसांनीं ती घेतली. पंचवीस वर्षांनीं त्याच खात्यानें पुनः हिशेब केला. ९ मिलिमीटरच्या नव्या गोळ्या तेवढ्याच कामाच्या आहेत, धक्का कमी, नेम बरा, खर्च कमी, असें ठरून स्वारी निघाली होती तेथेंच परत आली. त्या फेऱ्यांतून उरलेलीं हजारों .४० चीं पिस्तुलें आतां बाजारांत पडून आहेत. त्यांचा धक्का .४५ च्या जवळपास, किंमत कमी. स्वस्त म्हणून मोह पडण्यासारखी चीज. परंतु सूनबाईंनीं काडतुसाचा भाव विचारला, आणि पान उलटलें.

त्याच फळीवर ९ मिलिमीटरचीं पोलिसांकडून आलेलीं ऑस्ट्रियाचीं 'ग्लॉक १७' होतीं. बाहेरून म्यानांत घांसून पांढुरकीं झालेलीं, आंतून फारशीं न वापरलेलीं. पोलिसाचें पिस्तूल कमरेस पुष्कळ हिंडतें, झाडलें थोडें जातें. नळी साडेचार इंची, मॅगझिनमध्यें सतरा गोळ्या. किंमत तीनशें तीस. पांच डॉलर जास्त होत होते, ते सूनबाईंनीं मोठ्या मनानें माफ केले.

दुकानदारानें त्या वेळीं एक प्रश्न विचारला, आणि आमच्या मतें साऱ्या निवडींत खरा प्रश्न तोच होता. "हें घराच्या संरक्षणासहि ठेवणार ना?" तसें असेल तर आंखूड नळीचें लहान पिस्तूल घ्या, असा त्याचा सल्ला. पुतण्या घुटमळला. सूनबाई म्हणाल्या, "नाहीं."

घरांत चार वर्षांची नात आहे. सूनबाईंच्या वहींत शेवटच्या पानावर आंकडे नव्हते, एकच वाक्य होतें: २०२० सालापासून त्या देशांत एक ते एकोणीस या वयोगटाच्या मृत्यूंचें पहिलें कारण बंदूक हें आहे, तोंवर तें मान मोटारींचा होता. हें वाक्य त्यांनीं आम्हांस आधींच्या रात्रीं दाखविलें होतें, आणि दादांचा निरोप आम्हीं त्यांच्यापुढें ठेवला तोहि तेव्हांच. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काका, नको म्हटलें तर हे ऐकतील. पण मग मित्राचें पिस्तूल मागून खेळतील, आणि त्यावर माझें कांहीं चालणार नाहीं." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं.

भीतीपोटीं घेतलेलें पिस्तूल उशाशीं ठेवावें लागतें, आणि तें भरलेलें ठेवावें लागतें. नाहीं तर त्याचा उपयोग नाहीं. खेळण्यासाठीं घेतलेलें पिस्तूल कुलुपांत रिकामें राहूं शकतें. वस्तु एकच, परंतु या दोन कामांच्या अटी परस्परांच्या उलट आहेत. एका पिस्तुलांत दोन्ही साधूं पाहणारा मनुष्य स्वतःस काटकसरी समजतो. त्या काटकसरीची किंमत कोणास द्यावी लागेल हें तो पाहत नाहीं. ग्लॉक १७ सारखें मोठें पिस्तूल आम्हांस पसंत पडलें तें लांब नळीमुळें नेम बरा लागतो म्हणून. आणि तें खिशांत वा उशाखालीं मावत नाहीं, म्हणूनहि.

अटी ठरल्या. पेटी आधीं येईल, पिस्तूल मागून. काडतुसें निराळ्या पेटींत, निराळ्या खोलींत. कुलुपाचे आंकडे सूनबाईंजवळ. चांदमारीवरून आल्यावर हात व तोंड धुऊन, कपडे बदलून मगच मुलीस उचलावयाचें, कारण शिशाचा अंश अंगावर येतो. पुतण्यानें एकाहि कलमास विरोध केला नाहीं. त्यावरून त्याला खेळावयाचेंच आहे, मिरवावयाचें नाहीं, अशी आमची खात्री झाली. दुकानांत सरकारी फॉर्म भरला, मध्यवर्ती खात्याकडे विचारणा झाली, आणि थोड्याच वेळांत अनुमति आली. आपल्याकडे ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास परवान्यावरहि मिळत नाहीं. तेथें आमचा चहा निवण्याआधीं काम झालें. दोन देशांतील हें अंतर आम्हांस त्या काउंटरपाशीं जितकें कळलें तितकें विमानांत कळलें नव्हतें.

आमच्या हातीं तें पिस्तूल कधींच आलें नाहीं. प्रवासी म्हणून गेलेल्या परक्या नागरिकानें बंदूक बाळगूं नये असा तेथील मध्यवर्ती कायदा आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आम्हांस लागू नव्हते. आम्ही चष्मा चढवून, कान झांकून, दोरीच्या मागें उभे राहिलों. पाहणाऱ्यांसहि चष्मा सक्तीचा, कारण शिशाचे तुकडे मागें येतात. म्हणूनच तबकड्यांपासून दहा यार्डांच्या आंत कोणास जाऊं देत नाहींत, आणि खड्डे पडलेली तबकडी काढून टाकतात.

पहिल्या खेपेस पुतण्यानें सहांपैकीं पांच तबकड्या पाडल्या. सहाव्या तबकडीस गोळी लागली. खालच्या कडेस, बिजागरीपाशीं. ती थरथरली आणि उभी राहिली. खेळ संपल्यावर दोन मुलगे रंगाचे डबे घेऊन गेले, दोरी ओढून तबकड्या उभ्या केल्या आणि त्यांना पुन्हां पांढऱ्या करून आले.

रात्रीं दादांचा फोन आला. काय झालें तें आम्हीं पहिल्यापासून सांगितलें. वही, पेटी, कुलूप, नातीच्या खोलीपासूनचें अंतर, सारें. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग दादांनीं विचारलें, "सहावी कां पडली नाहीं?"

आम्हीं तरफेचा नियम सांगूं लागलों. ते मध्येंच म्हणाले, "थांब, कागद घेतो."